‘टाउन हॉल’ला मराठी प्रतिशब्द कोणता?

प्रश्न : मुंबईतील एशियाटिक सोसायटीच्या इमारतीविषयीचा मजकूर मराठीत आणताना ‘टाउन हॉल’साठी मी ‘नगरपालिका भवन’ असे लिहिले होते. संपादकांनी ते खोडून ‘नगरभवन’ केले. यांपैकी काय ग्राह्य धरावे?

उत्तर : पहिला शब्द निखालस चुकीचा आहे. विलायतेत टाउन हॉलमधून शहराचा कारभार चाले, हे खरे. परंतु मुंबईची ही वास्तू १८३३ मध्ये पुरी झाली तेव्हा येथे आजच्या अर्थाची नगरपालिकाच नव्हती, आणि महापालिकेची बोरीबंदरासमोरची इमारत तर १८९३ मधली. जेम्स मॅकिंटॉश यांनी १८०४ मध्ये स्थापलेल्या साहित्यसभेला (हीच पुढे एशियाटिक सोसायटी झाली) ग्रंथ ठेवण्यासाठी व सभा भरवण्यासाठी जागा हवी होती. त्यासाठी आधी सोडती काढून पैसा उभा करण्याचा खटाटोप झाला, तो अपुरा पडल्यावर सरकारी तिजोरी उघडली आणि कर्नल टॉमस कूपर यांच्या आराखड्याप्रमाणे काम तडीस गेले. म्हणजे येथे ‘टाउन’चा अर्थ कारभार नव्हे, तर शहरातील प्रतिष्ठित मंडळी, ती त्या काळी बहुतांशी गोरी होती, हे निराळे सांगायला नको. १८५८ मध्ये राणीचा जाहीरनामा याच इमारतीच्या पायऱ्यांवरून वाचला गेला.

‘नगरभवन’ अर्थाने चुकत नाही, पण ते कोणाच्या तोंडी नाही. ‘टाउन हॉलच्या पायऱ्यांवर भेटू’ असेच मुंबईकर म्हणतो. कोल्हापुरात तर ‘टाऊन हॉल’ म्हटले की वस्तुसंग्रहालय आणि भोवतीची बाग डोळ्यांपुढे येते. मेजर मँट यांनी १८७० च्या दशकात उभारलेल्या त्या गॉथिक इमारतीत आज तेथल्याच ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती आहे. सभागृह हा मूळ उपयोग मागे पडला तरी नाव टिकले. तेव्हा हे विशेषनाम समजून तसेच ठेवावे, आणि फारच गरज भासली तर पहिल्या उल्लेखापाशी ‘सार्वजनिक सभागृह’ असा खुलासा करावा.

पुरवणी प्रश्न : मग ‘टाउन हॉलात’ लिहावे की ‘टाउन हॉलमध्ये’?

उत्तर : लग्नाच्या हॉलाचे सामान्यरूप आपण बिनदिक्कत करतो, ‘पाहुणे हॉलात बसले आहेत’ असे म्हणतो, कारण तेथे हॉल हे सामान्यनाम आहे. इमारतीच्या इंग्रजी नावाचे मात्र सामान्यरूप सहसा होत नाही, म्हणून ‘टाउन हॉलमध्ये’, ‘टाउन हॉलच्या’ हेच लिहावे.