वाघांचे आकडे तोंडपाठ, तळ्यातल्या माशांचं काय?

पाणकावळा:
आपलं नागपूर ‘टायगर कॅपिटल’, अभिमान आहेच. २००६ ला देशात १,४११ वाघ, २०२२ च्या गणनेत ३,६८२. वर्षानुवर्षं कॅमेरे लावले म्हणून हे सांगता येतं. पण फुटाळा, गोरेवाडा तलावांत देशी माशांच्या किती जाती उरल्या ते विचारून बघा कुणाला! जानेवारी २०२५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आययूसीएन या जागतिक निसर्ग-संवर्धन संघटनेचा अभ्यास आला. गोड्या पाण्यातले मासे, खेकडे-झिंगे, चतुर (किडे) मिळून २३,४९६ जाती तपासल्या. जवळपास चौथा हिस्सा नामशेष व्हायच्या वाटेवर. माझं मत: व्याघ्रपर्यटनाच्या पैशातला एक वाटा पाण्याखालच्या मोजणीला द्या.

धंतोलीचा वकील:
विरोध. वाघ आहे म्हणून पेंचचं जंगल उभं आहे, आणि जंगल आहे म्हणून तोतलाडोह धरणात गाळ कमी येतो. तेच पाणी नवेगाव खैरी धरणातून आपल्या नळाला. वाघाचा पैसा पाण्यालाच लागतोय की.

पाणकावळा:
पाणी वाचलं, नदी कुठे वाचली? अंडी घालायला वर जाणारा मासा धरणाच्या भिंतीशी अडकतो. साचलेलं पाणी मानवतं त्याच जाती फोफावतात.

तर्री जास्त:
राजेहो, नाग नदीत काय मोजता? शहराची घाण कन्हानात, तिथून वैनगंगेत, थेट गोसीखुर्द धरणापर्यंत. नाक धरून पूल ओलांडतो त्याला अहवाल कायले पाहिजे? आधी सांडपाणी शुद्ध करा, मग चतुर मोजत बसा.

पाणकावळा:
शुद्ध झालं हे ठरवणार कसं? शेवाळलेल्या तळ्याचा नमुना दुपारी घ्या, प्राणवायू भरपूर दिसेल. तेच शेवाळ रात्रभर प्राणवायू ओढतं आणि मासे मरतात पहाटे. दुपारच्या कागदावर सगळं छान.

तर्री जास्त:
हे माहीत नव्हतं. तरी पैसा आधी नाल्यावरच.

आकडेमोड:
मध्येच बोलतो. २०२४ च्या ‘लिव्हिंग प्लॅनेट’ या जागतिक वन्यजीव अहवालातला ‘१९७० पासून गोड्या पाण्यात ८५ टक्के घट’ हा आकडा इथे कुणी फेकू नका. ८५ टक्के प्राणी मेले असा त्याचा अर्थ नाही, ती नोंद ठेवलेल्या समूहांमधल्या घटीची सरासरी आहे. एका तळ्यात १०० चे १० झाले, शेजारी १०,००० चे १०,०००च राहिले, तर सरासरी भयंकर दिसते. एकूण प्राणी १ टक्काही घटलेले नसतात.

ढिवराचा पोरगा:
मी भंडाऱ्याकडचा, आता नागपुरात. आमच्याकडे मालगुजारी तलावांत, म्हणजे गावच्या जुन्या तळ्यांत, ढिवर (मासेमार) बायांनी बेशरम हे माजलेलं झुडूप उपटलं, पाणवनस्पती लावल्या, देशी मासा परत यावा म्हणून. संशोधक येतात, माशांची नावं आमच्याकडूनच लिहून नेतात, अहवाल इंग्रजीत. पैसा द्यायचा तं मच्छीमार संस्थेला द्या, जाळ्यात काय आलं ते रोज लिहू.

धंतोलीचा वकील:
भाऊ, राग नको. पण संस्था टिलापिया हा परदेशी मासा विकून कमावते. ती स्वतःविरुद्ध नोंद ठेवेल?

ढिवराचा पोरगा:
टिलापिया ढिवरानं आणला का? त्याची मादी अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते, कितीही काढा, पुन्हा तेच. भोईपुऱ्याच्या मासळीबाजारात जाऊन भाव विचारा: टिलापिया कवडीमोल, जिवंत देशी मरळ हातोहात जातो. देशी मासा टिकावा असं आमच्यापेक्षा जास्त कोणाले वाटन?

धंतोलीचा वकील:
भावाचं पटलं. वही तपासणार कोण?

पाणकावळा:
तळ्याचं थोडं पाणी गाळून त्यातल्या डीएनएवरून कोणत्या जाती आहेत हे कळतं. किती आहेत, ते मात्र नीट कळत नाही. जाती डीएनए सांगेल, वजन जाळं सांगेल. वहीत नसलेली जात पाण्यात सापडली तर विचारायचं.

धंतोलीचा वकील:
एवढंच असेल तर वाघाच्या पैशाला हात कशाला? जिल्हा नियोजनाच्या निधीतून मागा, मी अर्ज लिहून देतो.