म्हणे "कुठल्याही क्षणी मूल उचलून नेतात"

दुभाषी:
कालपासून तीन ग्रुपवर एकच पोस्ट फिरतेय आणि आता रोखठोक नानांनी ती इथेही जशीच्या तशी चिकटवलीय. पोस्टचं म्हणणं असं की इंग्लंडमध्ये सोशल सर्व्हिसेसवाले (मुलांच्या सुरक्षिततेचं काम बघणारं सरकारी खातं) कुठल्याही क्षणी दार वाजवतात आणि मूल उचलून नेतात, कोर्टबिर्ट काही नाही, आणि प्रत्येक मुलामागे त्यांना बोनस मिळतो. तिथेच उत्तर द्यायला बसले होते, पण लांबत गेलं म्हणून वेगळा धागा.

मी इंग्लंडमध्ये 12 वर्षं मराठी-हिंदी दुभाषी म्हणून काम करतेय. फॅमिली कोर्ट, केस कॉन्फरन्स, हॉस्पिटल, सगळीकडे बसून झालंय. (कुठली केस ते विचारू नका, सांगणार नाही.) सोशल वर्करला स्वतःच्या अधिकारात तुमचं मूल नेता येत नाही. एकतर आईबापांची संमती लागते, नाहीतर कोर्टाची ऑर्डर. अगदी तातडी असली तरी इमर्जन्सी प्रोटेक्शन ऑर्डर कोर्टाकडूनच आणावी लागते, ती 8 दिवसांची, वाढवून मिळाली तर एकदाच आणि आणखी 7 दिवस. ऑर्डरशिवाय मूल हलवायचा अधिकार पोलिसांना आहे, तोही जास्तीत जास्त 72 तास. हे सगळं 1989 च्या चिल्ड्रन ॲक्टमध्ये आहे, कुणीही वाचावं. आणि केअर प्रोसीडिंग्ज (मुलाचा ताबा सरकारकडे द्यायचा की नाही याचा खटला) सुरू झाली की आईबापांना वकील फुकट मिळतो, पगार कितीही असो. हे आपल्या लोकांना माहीतच नसतं, घर विकायच्या तयारीने येतात बिचारे.

रोखठोक नाना:
12 वर्षं ज्यांचं मीठ खाल्लं त्यांचीच बाजू घेणार तुम्ही, त्यात नवल काय. आणि "तोही 72 तास" म्हणजे? तीन दिवस नि तीन रात्री झाल्या की ताई! दोन वर्षांच्या पोराला अनोळखी घरात तीन रात्री ठेवून बघा. नॉर्वेत 2011 साली त्या बंगाली जोडप्याची दोन्ही लेकरं नेली, कशासाठी, तर आई हाताने भरवते म्हणून! आपलं परराष्ट्र खातं मध्ये पडलं तेव्हा कुठे 2012 मध्ये काकाच्या ताब्यात देऊन भारतात पाठवली. माझा मुलगा-सून-नातू तिकडेच आहेत, मला झोप लागत नाही असलं वाचून.

फ्योर्डकाठी:
नाना मी नॉर्वेतच राहते. हाताने भरवणं वगैरे हे आईबापांचं म्हणणं होतं, बार्नेवर्नेटने (इथलं बालसंरक्षण खातं) ते कारण नाकारलं होतं. पण त्यांचे कागद गोपनीय, त्यामुळे जगाला एकच बाजू ऐकू आली. म्हणजे मी बार्नेवर्नेटची वकील नाहीये हं. स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क कोर्टाने 2019 मध्ये ग्रँड चेंबरचा (त्यांच्या सगळ्यात मोठ्या पीठाचा) निकाल देऊन नॉर्वेला चांगलंच फटकारलंय. त्या केसमध्ये बाळ तीन आठवड्यांचं असताना नेलं, मग आईला भेटी अगदी मोजक्या दिल्या आणि वर त्याच भेटींकडे बोट दाखवून म्हणायचं की बघा आईशी नातं जुळत नाही! शेवटी बाळ दत्तक देऊन टाकलं. माझं मूल पाळणाघरात रडलं की माझ्या पोटात गोळा येतो, आठ वर्षं इथे काढूनही.

खारूताई:
आमच्याकडे आलेत हो सोशल वर्कर, मी सांगते. मुलगी 6 वर्षांची. घरात आपण उठताबसता म्हणतो ना, "आता मार मिळेल हं", "मार खाशील". तसंच मी म्हणायचे, हात लावलेला नाही कधी. पोरीने शाळेत त्याचं आपल्या परीने भाषांतर केलं आणि टीचरला सांगितलं की मम्मी रोज बीटिंग देते. झालं. दुसऱ्या दिवशी शाळेतून फोन, चौथ्या दिवशी बाई घरी. फ्रिज उघडून बघितला, पोरीची खोली बघितली, मग मला स्वयंपाकघरात बसवून पोरीशी एकटीशी बोलली. तिला असेसमेंटला 45 वर्किंग डेज असतात, म्हणजे नऊ आठवडे आम्ही दोघं कुजबुजत जगलो. शेवटी "नो फर्दर ॲक्शन", म्हणजे पुढे काही कारवाई नाही, असं पत्र आलं. बाई वाईट नव्हती, उलट शांत होती. पण शेजाऱ्यांनी बघितलंच ना. आता घरात "मार" हा शब्दच बंद आहे, सासूबाई फोनवर बोलल्या तरी मी स्पीकर बंद करते.

रोखठोक नाना:
घ्या! म्हणजे नुसत्या शब्दाने ही अवस्था. आणि समजा दिली असती एक चापट तर काय आभाळ कोसळणार होतं? आजकालच्या आईबापांना पोरांना रागावता येत नाही, डोळे वटारता येत नाहीत, सगळं "समजावून" सांगायचं. आम्ही मार खाऊनच मोठे झालो.

निवृत्त मास्तर:
नानांशी शंभर टक्के सहमत. 34 वर्षं शिकवलं, हातात छडी होती. ज्यांना सणसणीत पडल्या तेच आज रस्त्यात थांबून पाया पडतात. लाड करून बिघडलेली कार्टी मात्र ओळखही देत नाहीत.

खारूताई:
मास्तर, पाया पडतात त्यांना तुम्ही मोजलंत. तुम्हाला बघून रस्ता बदलतात त्यांचं काय? मी बदलायचे. माझे मास्तर वेगळे होते, पण गणिताचं पुस्तक बघून अजून माझ्या तळहाताला घाम येतो. आणि नाना, माझ्या गोष्टीचा उपयोग चापटीच्या प्रचाराला करू नका, त्यासाठी सांगितली नव्हती.

अर्धवटराव:
चापटीबद्दल माहिती हवीच असेल तर स्कॉटलंडमध्ये नोव्हेंबर 2020 पासून पूर्ण बंदी, वेल्समध्ये मार्च 2022 पासून. इंग्लंडमध्ये मात्र "रीझनेबल पनिशमेंट" (वाजवी शिक्षा) ही पळवाट अजून आहे. म्हणजे वेल्समध्ये पोराने उच्छाद मांडला तर त्याला गाडीत घालून सेव्हर्नचा पूल ओलांडून इंग्लंडमध्ये या, मारा आणि परत या. मास्तरांनी सहल काढावी.

निवृत्त मास्तर:
असल्या थिल्लर विनोदांपेक्षा थोडा मार खाल्ला असतात तर बरं झालं असतं.

अर्धवटराव:
खाल्लाय मास्तर, म्हणूनच असा झालोय. नाव बघा ना.

दुभाषी:
विषय काय, चाललंय काय! आणि मारण्यावरच बोलायचं असेल तर नीट बोला. ऑगस्ट 2023 मध्ये इंग्लंडमधल्या वोकिंगला 10 वर्षांची मुलगी घरात मेलेली सापडली. बापाने पोलिसांना फोन करून सांगितलं की आपण तिला कायदेशीर शिक्षा दिली. मार्चमध्ये शाळेने तिच्या अंगावरच्या खुणा बघून कळवलं होतं. फाइल थोड्याच दिवसांत बंद झाली, एप्रिलमध्ये तिचं नाव शाळेतून काढून घरीच शिकवतो म्हणाले आणि मग तिला बघणारं कुणी उरलंच नाही. खारूताई, तुमच्याकडे येऊन फ्रिज उघडला त्याचा राग मला समजतो. पण त्या घराचा फ्रिज कुणी नीट उघडला असता तर? तेव्हा हेच लोक ओरडतात की सोशल सर्व्हिसेस झोपली होती का.

खारूताई:
ते मान्य आहे हो ताई. पण मला कुणी "सॉरी" म्हटलं नाही एवढंच.

अर्धवटराव:
दुभाषीताई, आता जरा सीरियसली. तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये "संमती" हा शब्द तुम्ही एका ओळीत उडवून लावलात. संमती म्हणजे त्याच कायद्याचं सेक्शन 20, आईबापांच्या होकाराने मूल सरकारी देखभालीत ठेवायचं कलम. माझ्या मावसबहिणीचं बाळंतपण अवघड झालं, नवरा भांडून निघून गेलेला, ही वॉर्डात रडत बसलेली, दूध येईना. दुसऱ्या दिवशी एक बाई कागद घेऊन आल्या. दुभाषी फोनवर, तोही हिंदीचा आणि हिचं हिंदी म्हणजे टीव्हीपुरतं. हिला वाटलं बाळाला तपासायला नेतायत, सही केली. बाळ फोस्टर केअरमध्ये, म्हणजे परक्या घरी सांभाळायला, पाच महिने! ते बाळ कधीही परत मागायचा तिला हक्क होता, कारण ऑर्डर नव्हतीच. पण हे तिला कुणी सांगितलं नाही. आणि तुम्ही म्हणताय त्या फुकट वकिलाचं काय? तो केस कोर्टात गेल्यावर मिळतो ना, इथे केस कोर्टात गेलीच नाही! आम्ही घरचे आठवडाभर फोनवर तिलाच विचारत होतो, तू सही केलीसच का. त्याची लाज वाटते आता.

आणखी एक. ज्या 1989 च्या कायद्याचे गोडवे गाताय तो आला कशातून? 1987 मध्ये इंग्लंडमधल्या क्लीव्हलंडला दोन डॉक्टरांच्या एका वादग्रस्त तपासणीच्या जोरावर काही महिन्यांत 121 मुलांवर लैंगिक अत्याचाराचं निदान झालं आणि मुलं घरातून काढली. त्यातली बरीचशी कोर्टाने परत पाठवली. आणि बोनस नसेल, पण ब्लेअर सरकारने दत्तक 40 टक्क्यांनी वाढवायचं टार्गेट ठेवलं होतं की नाही?

रोखठोक नाना:
वाजवा टाळ्या! अर्धवटराव पूर्ण निघाले.

दुभाषी:
टार्गेट होतं. ते आधीच सरकारी केअरमध्ये असलेल्या मुलांसाठी होतं आणि कुणा सोशल वर्करच्या खिशात पैसे जात नव्हते, पण होतं. ठीक.

सेक्शन 20 बद्दल मात्र मी वाद घालत नाही, कारण तुमच्या बहिणीसारख्या बायका मी पाहिल्यात. 2015 मध्ये फॅमिली डिव्हिजनचे (कौटुंबिक न्यायालयांचे) तेव्हाचे प्रेसिडेंट सर जेम्स मंबी यांनी याच गैरवापरावर कोरडे ओढले. इंग्रजी नीट येत नसेल तर कागद आईबापांच्या भाषेत करून द्यायचा आणि सही त्या भाषेतल्या कागदावर घ्यायची, असं निकालात लिहिलंय. मला विचाराल तर इतक्या वर्षांत असा मराठी कागद माझ्यासमोर दोनदा आला. दोनदा. बाकी वेळी "जरा सांगा यांना काय लिहिलंय" असं म्हणतात आणि घड्याळ बघतात. मी सांगते. समोरची मान हलवते. तिला समजलं म्हणून हलवते की मी आपल्यातली दिसते म्हणून, हे मला दर वेळी कळतंच असं नाही.

फ्योर्डकाठी:
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतंत.

दुभाषी:
हवं होतं. नानांवर चिडले होते.

रोखठोक नाना:
घ्या, खापर माझ्यावरच. बरं, मुलाला फोन केला होता. तो म्हणतो बाबा असलं काहीबाही फॉरवर्ड करू नका. तर ग्रुपवरून पोस्ट काढलीय. "प्रत्येक मुलामागे बोनस" हे वाक्य गाळून परत टाकतो.

दुभाषी:
आणि "कुठल्याही क्षणी"?

रोखठोक नाना:
ते राहणार. 72 तास तुम्हीच लिहिलेत.