मदत हवी आहे: पुढच्या ५० वर्षांच्या पावसासाठी नाल्यांचं डिझाइन कसं धरायचं?

नमस्कार मंडळी, सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्ट मुंबईच्या पावसाळी नाल्यांवर घेतलाय आणि एका ठिकाणी पार अडकलोय. जुन्या गटारांची क्षमता ताशी २५ मिमी, तीही ओहोटी असताना आणि अर्धं पाणी जमिनीत मुरेल असं धरून. ब्रिमस्टोवॅडमध्ये (मुंबईचे पावसाळी नाले सुधारायची महापालिकेची योजना) ताशी ५० मिमी धरले, आणि आता सगळीकडे काँक्रीट असल्यामुळे मुरणं शून्य. पण २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला, त्यातला बराचसा दुपारनंतरच्या काही तासांत, त्यापुढे ५० पण कमीच ना?

माझी अडचण अशी की आयडीएफ कर्व्ह (किती जोराचा पाऊस, किती वेळ आणि किती वर्षांतून एकदा पडतो ते दाखवणारे आलेख) जुन्या नोंदींवरून काढतात, म्हणजे पुढचा पाऊस मागच्यासारखाच पडेल असं गृहीत धरून, आणि क्लायमेट मॉडेलं बघावी तर प्रत्येकाचा आकडा वेगळा, मग सरासरी घ्यायची की सगळ्यात वाईट? वाईट धरला तर पाइप एवढे मोठे होतात की परळ-दादरच्या गल्लीत बसणारच नाहीत. त्यात भरती आली की समुद्राचं पाणीच उलटं आत येतं, म्हणून हाजी अली, इर्ल्याला पंप बसवलेत.

मला वाटतं नाले मध्यम ठेवून हिंदमातासारख्या, जादा पाणी तात्पुरतं साठवणाऱ्या भूमिगत टाक्या टप्प्याटप्प्याने वाढवणं जास्त शहाणपणाचं, पण ते गणितात कसं मांडायचं तेच कळत नाहीये. कुणी प्रत्यक्ष असं डिझाइन केलंय का? दर १५ मिनिटांच्या पावसाच्या नोंदी कुठे मिळतील तेही सांगा प्लीज, माझ्याकडे फक्त रोजचे आकडे आहेत.