मदत हवी आहे: सुआरेझचा हात पोरांना कसा समजावू?

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात पेठेतल्या 14 वर्षांखालच्या पोरांना मी फुटबॉल शिकवतो. परवा त्यांना 2010 च्या वर्ल्ड कपमधली घाना-उरुग्वे क्वार्टर फायनल दाखवली आणि वादाला तोंड फुटलं. जादा वेळेचं शेवटचं मिनिट, चेंडू जाळ्यात जाणार, तेवढ्यात उरुग्वेचा स्ट्रायकर सुआरेझने गोललाइनवर तो चक्क हातांनी अडवला. रेड कार्ड मिळालं, पण घानाच्या ग्यानची पेनल्टी क्रॉसबारला लागली आणि शूटआउटमध्ये उरुग्वे 4-2 ने जिंकलं. सेमीफायनल गाठणारा पहिला आफ्रिकी संघ होता होता घाना राहिला.

एक पोरगं म्हणालं, "सर, संघासाठी मीपण हात घातला असता." मला उत्तरच सुचलं नाही. नियमाप्रमाणे शिक्षा झाली, एका सामन्याची बंदीही. पण 2014 मध्ये इटलीच्या किएलिनीला चावल्यावर याच सुआरेझला 9 आंतरराष्ट्रीय सामने आणि 4 महिने बाहेर बसवलं. मग घानाचा गोल हिरावणं इतकं स्वस्त कसं? रग्बीत अशा वेळी पेनल्टी ट्राय, म्हणजे हुकवलेल्या ट्रायचे गुण थेट, तरी देतात.

पोरांना शिकवणारे कुणी असाल तर सांगा, हे कसं समजावता? आणि आपल्याच पोराने फायनलमध्ये असं केलं, तर पुढच्या सामन्यात त्याला खेळवाल का? रविवारच्या सरावाआधी उत्तरं मिळाली तर फार बरं होईल.