शिकागोतल्या घराची पाण्याची लाइन शिशाची निघाली, काय करावं?

पक्या_शिकागो:
मंडळी, गेल्या वर्षी इथे शंभर वर्षं जुनं घर घेतलं. आता सिटीचं पत्र आलंय की रस्त्यावरच्या मेनपासून घरात येणारी लाइन शिशाची आहे, आणि त्याच पत्रात वर हेही लिहिलंय की शहराचं पाणी नियमात बसतं. यातलं खरं काय धरायचं? लेक सात महिन्यांची आहे, फॉर्म्युला नळाच्याच पाण्यात कालवतो. आई फोनवर म्हणते, उकळून घ्या की झालं.

मेघना_मिशिगन:
उकळून शिसं जात नाही हो, उलट पाणी आटतं आणि शिसं आहे तेवढंच राहतं, आईंना आधी हे सांगा. आणि ते "नियमात बसतं" शहरातल्या मोजक्या घरांच्या सँपलवरून ठरतं, तुमच्या नळावरून नाही, त्यातल्या दहा टक्के घरांत लिमिटच्या वर शिसं असलं तरी शहर पास. आमच्या मिशिगनमधल्या फ्लिंट शहरात हेच झालं. एप्रिल २०१४ मध्ये पैसे वाचवायला नदीचं पाणी सुरू केलं आणि गंज रोखणारं केमिकल घातलंच नाही, पाइपमधलं शिसं सुटायला लागलं. ऑक्टोबरमध्ये जनरल मोटर्सने इंजिनाचे पार्ट गंजतात म्हणून ते पाणी बंद केलं, लोक मात्र पुढे वर्षभर तेच पीत होते! लीअ‍ॅन वॉल्टर्स नावाच्या आईने पिच्छा पुरवला, तर तिच्या घराचं सँपलच हिशेबातून वगळलं, घरात फिल्टर आहे म्हणे. तिच्या नळाला एका चाचणीत १३,२०० पीपीबी (म्हणजे पाण्याच्या एक अब्ज भागांत शिशाचे इतके भाग) आलं होतं, लिमिट १५. शेवटी लोकांनी व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या किटमध्ये स्वतः पाणी भरून दिलं, तिथल्या बालरोगतज्ज्ञ डॉ. मोना हॅना-अटीशांनी मुलांच्या रक्ताचे आकडे मांडले, तेव्हा कुठे ऑक्टोबर २०१५ मध्ये पाणी बदललं. त्याआधी जुलैत सरकारी प्रवक्ता रेडिओवर सांगत होता की काळजी करू नका.

सँडी७७:
मेघनाताई, सगळीकडे फ्लिंट नसतं हो. न्यू जर्सीतल्या नूअर्क शहराने दोन-तीन वर्षांत तेवीस हजारांच्या आसपास लाइनी बदलल्या, घरमालकाकडून पैसे न घेता. शिकागोत मात्र अशा लाइनी चारेक लाख, १९८६ पर्यंत शिशाची लाइन टाकायची सक्तीच होती तिथे (!), त्यामुळे तुमचा नंबर कधी लागेल देव जाणे. पक्या, ३११ ला, म्हणजे सिटीच्या हेल्पलाइनला, फोन करा, टेस्ट किट फुकट मिळतं. तोवर एनएसएफ ५३ (फिल्टरचं प्रमाणपत्र) लिहिलेला फिल्टर घ्या, त्यावर शिशाचा उल्लेख आहे ना ते बघून, आणि बाळाला फक्त तेच पाणी. अर्धीच लाइन बदलू देऊ नका, कापाकापीत शिसं आणखी सुटतं.

पुणेरी_जोशी:
एवढी श्रीमंत शहरं आणि हे? आपल्याकडे तरी कुठे, पीव्हीसी पाइपात शिशाचं स्टॅबिलायझर (प्लास्टिक टिकावं म्हणून घालतात ते) असायचं, त्यावर नियम आला तो २०२१ मध्ये.

पक्या_शिकागो:
३११ ला फोन केला, किट येतंय. लेकीच्या रक्ताची टेस्टही डॉक्टरांना सांगितलीय. आंघोळीचं काय?

मेघना_मिशिगन:
आंघोळ चालेल, कातडीतून शिसं आत जात नाही म्हणतात. फक्त टबातलं पाणी पिऊ देऊ नका, या वयात सगळं तोंडातच जातं.