मदत हवी आहे: नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत केमिस्ट्रीसाठी समर इंटर्नशिप

बी.एस्सी. दुसरं वर्ष, केमिस्ट्री. मे-जूनमध्ये सहा आठवडे एखाद्या क्यूसी (मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या) लॅबमध्ये काम शिकायचंय. टायट्रेशन, पीएच मीटरवर हात बसलाय. एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजायचं यंत्र) फक्त पुस्तकात पाहिलंय. स्टायपेंड नसला तरी चालेल, पण पैसे भरून सर्टिफिकेट नको बाप्पा, तसले फोन रोजच येतात. लिंक्डइन, इंटर्नशाला करून झालं. एचआरला मेल टाकले, उत्तर नाही. कॉलेजचं पत्र तयार आहे. गाडी नाही, म्हणून बुटीबोरी एमआयडीसी जमणार नाही. हिंगण्याला लोकमान्य नगरपर्यंत मेट्रो, पुढे ऑटो. नीरीत (नागपुरातली पर्यावरण संशोधन संस्था) प्राध्यापकांमार्फतच जावं लागतं का, की शास्त्रज्ञांना थेट लिहिलेलं चालतं? आणि हिंगण्यात पत्र घेऊन गेटवर गेलं तर सिक्युरिटीवाले आत सोडतात का, की आधी आतल्या कुणाची ओळख काढावी?