वाळवंटाचा राजा कोण? उंट आणि जिराफ

माळरान: "वशिंडात पाणी साठवणारा उंटच कोरड्या प्रदेशाचा राजा, जिराफ केवळ मानेवर तगला," हे कालचे विधान वाचून राहवले नाही. वशिंडात चरबी असते. जिराफाच्या मानेत आपल्याइतकेच सात मणके असतात. मेंदूपर्यंत रक्त चढवण्यासाठी त्याचा रक्तदाब माणसाच्या सुमारे दुप्पट असतो आणि तो पाण्यासाठी मान खाली घालतो, तेव्हा शिरांतील झडपा रक्ताचा उलटा प्रवाह रोखतात.

थरची वाट: पाण्याची चूक माझी. तरीही उंट काही मिनिटांत शंभरेक लिटर पाणी पितो, लंबगोल तांबड्या पेशींमुळे ते त्याला बाधत नाही, आणि घाम वाचवण्यासाठी तो शरीराचे तापमान 34 पासून 41 अंशांपर्यंत चढू देतो. झाड नाही तेथे जिराफ नाही.

जुनी पाटी: पाचवीत मी "चरबी" लिहिले, तर गुरुजींनी तांबड्या शाईने "पाणी" लिहून गुण कापला. ती उत्तरपत्रिका मी अजून जपून ठेवली आहे. चुकीचे शिकवणाऱ्यांना जाब कोण विचारणार?

कच्छी किनारा: उंट वाळूचाच, हे कोणी ठरवले? कच्छमध्ये मी खाराई उंट भरतीच्या पाण्यातून पोहत खारफुटीच्या बेटावर जाताना पाहिले आहेत. 2015 मध्ये त्यांना स्वतंत्र जातीची मान्यताही मिळाली.

थरची वाट: एका पाळीव जातीवरून साऱ्या उंटांविषयी बोलणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणे होय!

कच्छी किनारा: मी ते पाण्याच्या काठावर उभे राहून पाहिले आहे, त्यामुळे हा शब्द मागे घ्यावा. शिवाय उंटांचे कुळ उत्तर अमेरिकेत उदयाला आले. कॅनडाच्या एल्समिअर बेटावर सुमारे 35 लाख वर्षांपूर्वीच्या उंटाचे अवशेष सापडले आहेत. चरबीचे वशिंड आणि रुंद पाय आधी थंडीत उपयोगी पडले असावेत, असे संशोधकांना वाटते ते त्यामुळेच.

माळरान: आणि "झाड नाही तेथे जिराफ नाही" हेही अपुरे आहे. नामिबियाच्या वायव्य भागात, होआनिब नदीच्या कोरड्या पात्रात, जिराफ मुख्यतः पाल्यातील ओलाव्यावर जगतात.

थरची वाट: म्हणजे पात्रात झाडे आहेतच! "शेळ्या हाकणे" मागे घेतो आणि "राजा" हा शब्दही. मात्र जिराफाला होआनिबच्या काठची झाडे लागतात, उंटाला लागत नाहीत, एवढे मी सोडणार नाही.